आधी सगळ्या घराला कळलं

माझा आवाज गेला तो नेमका गुरुवारी.

ऑगस्टमधला गुरुवार. दुसऱ्या दिवसापासून नव्या सदस्य मुलींच्या निवडीचा आठवडा सुरू होणार होता, आणि आमच्या सोरॉरिटीच्या, म्हणजे विद्यापीठातल्या मुलींच्या मंडळाच्या, घरात आम्ही सगळ्याजणी सकाळपासून दारातलं गाणं घोटत होतो. नव्या मुली फाटकात आल्या की दार उघडायचं, दारात एकीवर एक रचल्यासारखं उभं राहायचं आणि टाळ्या वाजवत, पाय आपटत असं गायचं की रस्त्यापलीकडच्या घराचं गाणं कुणाच्या कानात शिरूच नये. पलीकडच्या विटांच्या घरात, दुसऱ्या सोरॉरिटीतही, तेच चाललं होतं. दुपारपर्यंत माझ्या गळ्यातून नुसती हवा यायला लागली.

मेरी हॉलिस आमच्या घराची अध्यक्ष, आणि माझी जुनी मैत्रीण. ती म्हणाली, "टॅली, उद्या तुला दिवसभर बोलायचंय. जा, काहीतरी औषध आण. आणि वाटेत कुणाशी बोलू नकोस."

या शेवटच्या वाक्याचे दोन अर्थ होते. एक, गळ्याला विश्रांती. दुसरा असा की त्या आठवड्यात आमच्यापैकी कुणी मुलांशी बोलायचंच नाही. भेटायचं नाही, गाडीत बसायचं नाही, फाटकाच्या आत तर कुणाला घ्यायचंच नाही. नव्या मुलींसमोर घराचं नाव कसं स्वच्छ राहिलं पाहिजे... हा नियम माझी आई या घरात राहायची तेव्हापासूनचा. आई इथली, म्हणून मलाही दोन वर्षांपूर्वी इथे सहज जागा मिळाली होती. तू कोण, कुठली, असं मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात घशाच्या गोळ्यांचं एकच पाकीट उरलं होतं. मी हात घातला, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने आणखी एक हात आला. मी वर पाहिलं. उंच, उन्हाने नाक सोललेलं, विद्यापीठाच्या बँडची टोपी, आणि मागच्या खिशात खोचलेल्या ड्रमच्या काठ्या.

"मला हवंय ते," मी कुजबुजले.

"काय?"

"मला हवंय."

"काय म्हणालीस?" तो वाकला.

मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा वाकला. चौथ्यांदा मी नुसतं त्याच्या कानाकडे बोट दाखवलं. त्याने चाचपून पाहिलं, आणि दोन्ही कानांतून केशरी रबरी बोळे काढले. "सकाळपासून ड्रमच्या घोळक्यात उभा आहे," तो ओशाळून म्हणाला. "विसरूनच गेलो. हं, आता बोल."

"मला बोलता येत नाही," मी जमेल तेवढ्या आवाजात म्हणाले.

तो हसला. मान मागे टाकून, आणि शेवटी अचानक नाकातून फुर्र असा आवाज काढून. इतकं बेशिस्त हसणं मी कुठल्याही देखण्या मुलाचं पाहिलं नव्हतं.

पाकीट त्याने विकत घेतलं. त्यांच्या सरांचाही आवाज ओरडून ओरडून बसला होता म्हणे. मग गल्ल्याजवळच ते फोडून पत्ते वाटावेत तशा गोळ्या वाटल्या. एक तुला, एक सरांना, एक तुला... शेवटची उरली ती स्वतःच्या तोंडात टाकली. आम्ही दाराशी आलो तर बाहेर आभाळ फुटलेलं. आमच्या अलाबामात ऑगस्टच्या दुपारी हे असंच चालतं. अर्धा तास जग बुडवायचं, आणि मग काही झालंच नाही असं ऊन. आम्ही छपराखाली उभे राहिलो. नियम मला आठवत होता. पण पावसात जाणार कुठे?

त्याचं नाव हार्लन प्रुइट. शेवटच्या वर्षाला होता, वनशास्त्र शिकत होता. तुझा खरा आवाज कधी ऐकायला मिळेल, असं त्याने विचारलं. आठवडाभर नाही, मी मानेनेच सांगितलं.

"नियम?"

मी मान हलवली.

"मग निदान तू माझा ऐक. मैदानावर सकाळी सातला ड्रमची रांग सुरू होते."

"त्यात तू कुठला, कसं ओळखायचं?"

"जो चुकतो तो मी," तो म्हणाला, आणि पाऊस थांबलाय हे आम्हा दोघांनाही जरा उशिराच कळलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं काहीतरी बिघडलं. पहाटेच जाग यायची. खिडकीतून लांबवर ड्रम सुरू व्हायचे, आणि मी केस विंचरता विंचरता थांबून राहायचे — त्या शंभर ठोक्यांतला एक वाकडा ठोका शोधत. सापडला की उगीच हसू यायचं. मेरी हॉलिस विचारायची, काय झालं? मी म्हणायचे, कुठे काय.

संध्याकाळी घर झाडून, खुर्च्या लावून झाल्या की मी चालायला म्हणून बाहेर पडायचे. पाय आपोआप मैदानाकडे वळायचे. हार्लन तारेच्या कुंपणाच्या पलीकडे, मी अलीकडे. मी मनाशी म्हणायचे, मी त्याला भेटत नाहीये. मध्ये कुंपण आहे.

"आज दोनदा चुकलास," मी म्हणाले. गोळ्यांनी गळा थोडा उघडला होता.

"तीनदा," तो म्हणाला. "तिसऱ्या वेळी तुझं लक्ष कुठे होतं?"

बोटं तारेत अडकवून तो उभा राहायचा. मीही. तारेची भोकं तशी पुरेशी मोठी होती. पण त्याने कधी बोट पुढे आणलं नाही, आणि मला घरी परतताना त्याचाच राग यायचा.

तिसऱ्या फेरीला जोसी नावाची मुलगी माझ्यासमोर बसली. ही फेरी अशी असते: थंड चहाचा पेला हातात देऊन एका मुलीला एका खुर्चीवर बसवायचं, तिच्याशी जन्मोजन्मीची ओळख असल्यासारखं बोलायचं, आणि थोड्या वेळाने मागून कुणीतरी खांद्याला स्पर्श केला की उठून दुसरीकडे जायचं. बोलता बोलता सगळ्या मुली सारख्या दिसायला लागतात. जोसी तशी दिसली नाही. ती राज्याच्या दक्षिणेची, भुईमुगाच्या पट्ट्यातल्या लहानशा गावची. अंगातला निळा झगा आईने शिवलेला. नाताळच्या नाटकात तिने चर्चमध्ये खरंखुरं कोकरू धरलं होतं, आणि ऐन प्रार्थनेच्या वेळी त्या कोकराने देवदूताचा पंख खाऊन टाकला, ही गोष्ट तिने अशी रंगवून सांगितली की शेजारच्या तीन खुर्च्या वळल्या. आणि मग ती स्वतःच हसली. मान मागे टाकून. शेवटी फुर्र.

माझ्या हातातला चहा हिंदकळला.

"माफ कर," ती तोंडावर हात ठेवून म्हणाली. "आमच्या घरात सगळे असेच हसतात. माझा भाऊ तर माझ्याहून वाईट. तो इथेच बँडमध्ये आहे. परवा म्हणत होता, दुकानात एक मुलगी भेटली, तिला आवाजच नव्हता. आणि तरी सगळं तीच बोलली."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि माझ्या खांद्यावर स्पर्श झाला. उठायची वेळ झाली होती.

त्या संध्याकाळी मी हार्लनला विचारलं, जोसी तुझी बहीण का. त्याचा चेहरा उजळला. तिला भेटलीस? कशी वाटली? उन्हाळाभर आई तिचे झगे शिवत होती, ती आरशासमोर बोलायचा सराव करत होती, हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. मी म्हणाले, म्हणूनच आता मला इथे येता येणार नाही. ज्या मुलीबद्दल आम्ही ठरवणार, तिच्या घरच्यांशी बोलणंही चालत नाही.

"मध्ये कुंपण आहे की," तो म्हणाला.

"आता कुंपण पुरत नाही."

त्याने टोपी मागे सारली. मग हळूच म्हणाला, "एवढंच सांग, ती तुला आवडली?"

"हसते फार छान."

"ते आमच्याकडे वंशपरंपरेने आहे," तो म्हणाला. मी वळले तरी त्याची बोटं तारेतच होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणघरात आमची बैठक भरली. टोकाच्या खुर्चीवर मिस कॉरिन. पांढरे केस, गळ्यात मोती, आणि आवाज कधीच न चढवता सगळ्यांना गप्प करायची हातोटी. त्या तरुणपणी याच घरात राहिलेल्या. आता घराला सल्ला द्यायला येतात. भिंतीवर एकेका मुलीचा फोटो लागायचा, आणि पहिला प्रश्न ठरलेला: हिला कुणी ओळखतं का?

जोसीच्या फोटोपाशी कुणीच काही बोललं नाही. तिच्यासाठी कुठल्या जुन्या सदस्येचं शिफारसपत्र नव्हतं. तिच्या गावात आमच्या घरातली बाईच नव्हती, तर पत्र येणार कुठून?

मी उभी राहिले. कोकराची गोष्ट सांगितली. सगळ्याजणी हसल्या. मी म्हणाले, आपण इथे सगळा आठवडा गोड बोलतोय, पण या मुलीशी बोलताना मी पहिल्यांदा खरं हसले. दोन-तीन माना हलल्या. मला वाटलं, झालं. जमलं.

मग मिस कॉरिननी दुसरा ठरलेला प्रश्न विचारला. "टॅली, या मुलीच्या घरच्यांशी तुझा काही संबंध?"

हा प्रश्न त्या प्रत्येकीला विचारायच्या, आणि प्रत्येकजण "नाही, मॅम" म्हणून खाली बसायची. तेवढंच म्हणायचं होतं. कुंपणाची गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.

"तिच्या भावाशी ओळख आहे, मॅम," मी म्हणाले.

"कितपत ओळख?"

मला हातांचं काय करावं ते कळेना. मी खुर्चीची पाठ धरली, सोडली, पुन्हा धरली. "मला... तो आवडतो, मॅम."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मिस कॉरिन हसल्या नाहीत. "त्याला माहीत आहे हे?"

"नाही, मॅम."

"खरं सांगितलंस, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण मग हिच्याबद्दलचं तुझं बोलणं आम्हाला धरता येणार नाही. तुलाही ते कळतं ना?"

मला कळत होतं. आणि माझं बोलणं वजा केलं की जोसीला ओळखणारं कुणीच उरत नव्हतं. फोटो भिंतीवरून निघाला, दुसरा लागला. मला उरलेला आठवडा खुर्च्यांच्या खोलीत यायला मनाई झाली. स्वयंपाकघरात चहा ओतायचं काम मिळालं.

मेरी हॉलिस नंतर मागच्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसली. "नाही म्हणाली असतीस तर?"

"तोच विचार करतेय," मी म्हणाले. "पण तोंडातून आधीच गेलं होतं."

पुढच्या फेरीला कुठली घरं बोलावतात त्याची यादी सकाळी जोसीला मिळाली, त्यात आमच्या घराचं नाव नव्हतं. हे मला सांगितलं हार्लनने. बर्फाच्या पिशव्या जिथे उतरवतात, त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी तो येऊन उभा होता. टोपी हातात, घामाने केस कपाळाला चिकटलेले.

"तू होतीस ना तिथे?"

"होते."

"तिच्या बाजूने बोललीस?"

मी बर्फाची एक पिशवी उचलली. खोलीतलं बाहेर सांगायचं नाही, अशी शपथ पहिल्याच वर्षी घेतलेली असते. ती चांगल्यासाठीच असते, असं मला तोपर्यंत वाटायचं.

"एवढं तरी सांग, टॅली."

"खोलीतलं बाहेर सांगत नाहीत, हार्लन."

"म्हणजे नाही बोललीस." तो माझ्याकडे बघत राहिला, मी ते खोडून काढेन म्हणून. "ती मला विचारतेय, टॅली माझ्यासोबत एवढी हसली, मग माझं चुकलं कुठे? काय सांगू तिला?"

माझ्या हातातल्या पिशवीतला बर्फ वितळून पायावर टपकत होता. तो गेला, तरी मी ती खाली ठेवली नाही.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. चहा ओतत होते, लिंबं चिरत होते, पुढच्या दारातून गाण्याचा आणि पाय आपटण्याचा आवाज येत होता. सकाळी सातला ड्रम सुरू झाले की मी खिडकीशी जायचे. एकही ठोका वाकडा पडत नव्हता. सगळं कसं घड्याळासारखं चोख. तो चुकतच नव्हता, आणि तो किती रागावलाय हे मला त्यावरून कळायचं. रोज ठरवायचे, खिडकी लावून घ्यायची. रोज ती उघडी राहायची.

मग आला धावायचा दिवस. मोठ्या मैदानात सगळ्या नव्या मुली आपापल्या पाकिटावर बसतात, खूण झाली की पाकीट फोडतात, आत कुठल्या घराचं नाव आहे ते पाहतात आणि किंचाळत आमच्या रस्त्याने त्या घराकडे धावत सुटतात. आमच्या घराच्या मुली पांढऱ्या खांबांपुढे फलक घेऊन उभ्या होत्या. मीही होते, त्या दिवशी चहाची कुणाला गरज नव्हती.

रस्ता मुलींनी भरून गेला. कुणाचे बूट हातात, कुणाचा काजळाचा ओघळ गालापर्यंत. त्यांच्यात मला जोसी दिसली. ती आमच्या दिशेने आली, आमच्यासमोरून गेली, आणि वळली — पलीकडे, विटांच्या घराकडे. तिथल्या मुलींनी तिला अक्षरशः उचललं. ती हसत होती. इतक्या गोंगाटातसुद्धा ते फुर्र मला ऐकू आलं, का तसा भास झाला, देव जाणे.

दोन्ही घरांच्या मध्ये, रस्त्याच्या मधल्या हिरवळीवर, घरची मंडळी उभी होती. त्यात हार्लन. आईला पाठवायला बहिणीचे फोटो काढत होता.

त्या दिवशी आपलं अंगण सोडून रस्ता ओलांडायचा नसतो. आपल्या घरात येणाऱ्या मुलीला मिठी मारायची, दुसऱ्या घराकडे पाहायचंही नाही. मी फलकाची माझी बाजू मेरी हॉलिसच्या हातात दिली. तिने माझ्याकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं, आणि काही न विचारता फलक नीट धरला.

मी हिरवळीवर पोचले तेव्हा जोसी भावाला दाखवायला तिकडे आली होती. अंगात विटांच्या घराचा नवा सदरा, चेहरा लालबुंद. मला पाहून तिचं हसू जरा आखडलं.

"अभिनंदन, जोसी," मी म्हणाले.

"थँक यू," ती म्हणाली. तिच्यावर संस्कारच तसे होते. मग न राहवून म्हणाली, "मला वाटलं होतं, मी तुला आवडले."

"आवडली होतीस. अजूनही."

"मग?"

हार्लन मोबाइलकडे बघत होता, पण त्याचा अंगठा हलत नव्हता. माझा आवाज आता पूर्ण परत आला होता, आणि नेमका तेव्हाच तो थरथरायला लागला.

"खोलीत कोण काय बोललं, कोणाबद्दल बोललं, ते मला सांगता येत नाही," मी म्हणाले. "पण मी स्वतःबद्दल जे बोलले, ते माझं आहे. तेवढं सांगते. हार्लन... मी सगळ्या घरासमोर उभी राहून म्हणाले की मला तू आवडतोस."

त्याने मान वर केली.

बोलली जोसी. आधी ती माझ्याकडे बघत राहिली, मग भावाकडे, आणि मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. "थांब. म्हणजे तू माझ्या बाजूने बोललीस, पण याच्यामुळे... म्हणून तुझं बोलणंच..." मी ओठ घट्ट मिटून घेतले. ती भावाकडे वळली. "म्हणजे तुझ्यामुळे गेलं होय माझं ते घर?"

"मी काय केलं?" हार्लन म्हणाला. "मी गोळ्या घ्यायला गेलो होतो."

जोसी एकदम हसायला लागली. पण डोळ्यांत पाणीही होतं. ते दुखणं एका हसण्याने जाणारं नव्हतं, आणि तिने ते लपवलंही नाही. मग विटांच्या घरातून तिच्या नावाने हाका यायला लागल्या. जाता जाता तिने माझा हात घट्ट दाबला. "रविवारी माझ्याबरोबर जेवायला ये," ती म्हणाली. "मला अजून थोडं रागवायचंय तुझ्यावर. इथे फार गडबड आहे."

आम्ही दोघंच उरलो. मधे कुंपण नव्हतं, काही नव्हतं, आणि तरी दोघंही हातभर अंतरावर.

"मी मागच्या दाराशी काय काय बोललो तुला," तो म्हणाला.

"हो."

"आणि तू बर्फ धरून नुसती उभी."

"हो."

"सगळ्या घराला आधी कळलं? मला सोडून?"

"स्वयंपाकीणबाईंनासुद्धा."

तो विचारात पडला. टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, पुन्हा टोपी घातली. "हे काही बरोबर नाही," तो म्हणाला. "बरोबरी व्हायला हवी." आणि मी अडवायच्या आत तो रस्ता ओलांडून सरळ आमच्या फाटकातून आत शिरला.

मी मागे धावले. फलक धरलेल्या मुली दोन्हीकडे बाजूला झाल्या. ओसरीवर, पांढऱ्या खांबाजवळ, मिस कॉरिन हातात पंखा घेऊन बसल्या होत्या. हार्लनने पायरीखाली उभं राहून टोपी काढली.

"नमस्कार, मॅम. मी हार्लन प्रुइट. टॅली इथे माझ्याबद्दल काहीतरी बोलली, असं मला आत्ताच कळलं. मला फक्त सांगायचं होतं की... माझ्याकडूनही तसंच आहे, मॅम."

अंगणात एवढा कल्ला होता, पण आमच्या पायऱ्यांपाशी सगळ्या माना ओसरीकडे वळल्या. मिस कॉरिननी पंखा मिटला. त्याला डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं.

"तरुण माणसा, आज या फाटकाच्या आत पुरुषांना यायची परवानगी नाही, हे तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे, मॅम."

"मग बाहेर जाऊन उभा राहा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघताच, पंखा पुन्हा उघडत, "टॅली, तो वाट चुकेल. त्याला बाहेर नेऊन सोड. आणि लगेच परत यायची काही गरज नाही."

मिस कॉरिनचा शब्द मोडायची पद्धत आमच्या घरात नाही. मी त्याचा हात धरला, आणि त्याला बाहेर घेऊन गेले.